रताळ्याच्या गावाचे ताट

“वैनी, काल सकाळपासून बाळाला काय काय चारलासा?”

मुलांच्या आहाराची पाहणी करायला आलेली बाई हा प्रश्न विचारते. उत्तर बहुतेक वेळा लहानच येते. भात-आमटी, दोन बिस्किटे, घोटभर च्या. मग ती कागदावर खुणा करू लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी आठ अन्नगट ठरवले आहेत. आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी व तेलबिया, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या भाज्या-फळे आणि इतर भाज्या-फळे. काल दिवसभरात आठांपैकी पाच गट पोटात गेले असतील, तर आहारात पुरेशी विविधता आहे असे मानायचे.

बेळगुंदीत या कागदाची एक गंमत होते. बेळगाव शहराच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे मराठी गाव आहे. इथल्या शेतकऱ्याला पिके विचारली तर तो सखलात भात, माळावर नाचणा आणि उतारावर रताळी असे सांगेल. तीन जमिनी, तीन पिके आणि तिन्हींचे कष्ट वेगवेगळे. पाहणीच्या कागदावर मात्र तिन्ही एकाच रकान्यात पडतात आणि त्यांची मिळून खूण एकच होते.

कागद चुकीचा आहे असे नाही. भात, नाचणा आणि रताळे यांनी मिळूनही मुलाच्या प्रथिनांची गरज भागत नाही, हे खरेच आहे. पण ‘काल’ विचारणाऱ्या या कागदाला गावाच्या आहाराचा इतिहास कळत नाही. बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप, उचगाव, कुद्रेमनी या पट्ट्यात खाण्यातली विविधता एका दिवसाच्या ताटात क्वचितच असायची. ती बारा महिन्यांत विखुरलेली असे. महिना बदलला की रकाना बदले, आणि एखाद्या महिन्यात सगळेच रकाने रिकामे राहत.

बेळगाव जिल्ह्याचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरतो. शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पडतो, घाटाच्या कुशीत त्याहून जास्त, आणि अथणीकडे जाता जाता तो पाचशे-सहाशेवर येतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात भाकरी दोन प्रकारची झाली. पूर्वेला जोंधळ्याची, पश्चिमेला नाचण्याची. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये बेळगाव जिल्ह्याचा २१ वा खंड निघाला. तोपर्यंत हा भेद कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. नाचणा मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातला, पण हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेला. त्याला परका म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. लाल, हलक्या, पाणी न धरणाऱ्या मातीत तो तग धरतो. कीड लागत नसल्यामुळे वर्षानुवर्षे साठवता येतो. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही नसते.

पट्टीचे काम मात्र आंबिलीचे. रात्री नाचण्याचे पीठ पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवायचे. सकाळी त्याला किंचित आंबूस वास सुटला, वर बारीक बुडबुडे दिसले, की उकळत्या पाण्यात सोडून घोटायचे. गुठळी होऊ द्यायची नाही. निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, असले तर जिरे. पेरणी-कोळपणीला जाणारी बाई हे पिऊन निघे आणि घरातल्या रांगत्या पोरालाही वाटीतून तेच पाजत असत. आंबवल्यामुळे धान्यातले फायटेट कमी होते आणि लोह अंगी लागायला मदत होते, हे प्रयोगशाळांनी फार उशिरा सांगितले. गावाने आंबवले ते पीठ पुरवायला आणि चवीला. त्यात कुठले गूढ शहाणपण शोधायचे कारण नाही.

आता वर्षाचे चक्र. मृग बरसला की ओढ्याला चढणीचे मासे येत, बांधावर खेकडे निघत. पहिल्या पंधरवड्यात माळावर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवे. मग अळू, मग अळंबी. श्रावणात पंचमीला लाह्या आणि लाडू. दिवाळीच्या आगेमागे नवे भात घरात येई. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरत. येळ्ळूर-शहापूर शिवाराच्या काळ्या मातीतला बारीक मसूर तर आजही बेळगावचे गिऱ्हाईक नाव घेऊन मागते. पौषात भोगीची भाजी होई. ओला हरभरा, वालाचे दाणे, वांगे, गाजर, पावटा, वर तिळाचे कूट. पाहणीवाली बाई भोगीच्या दुसऱ्या दिवशी आली तर तिला कागदावर बहुतेक ठिकाणी खूण करावी लागेल. चैत्र-वैशाखात करवंदे, जांभळे, फणस आणि काजूची बोंडे, ही तर पोरांची स्वतःची कमाई. प्रथिनाचा आणखी एक धागा घाटाखालून येई. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ला हे बेळगावचे बंदर होते, आणि रामघाटाच्या वाटेने मिठाबरोबर सुकी मासळीही वर चढत असे. मूठभर सुकट आणि लाल तिखट एवढ्यावर पावसाळ्यातली भाकरी पोटात जाई.

आणि मग अखाड. जुने भात संपलेले, नवे अजून रोपात, शेतात सगळ्यात जास्त काम आणि घरात सगळ्यात कमी दाणा. हुलग्याचे माडगे, फणसाच्या वाळवलेल्या आठळ्या, सांडगे, मीठ-मिरची. जुन्या आहाराचे गोडवे गाणाऱ्यांना अखाड आठवत नाही, कारण तो सोसणाऱ्यांनी लिहून ठेवला नाही. शिवाय घरातल्या ताटांतही उतरंड होती. आधी पुरुष आणि पोरे, मग सासू, शेवटी सून. कालवण तळाला गेले की सुनेच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा. ती पोटुशी असली तरीही. ज्यांना स्वतःचे वावर नव्हते, ज्यांची मजुरी पायलीने मोजली जाई, त्यांच्याकडे तर भात-नाचणा-रताळी ही वाटणीही नव्हती. हाती पडेल ते धान्य आणि रानात मिळेल ती भाजी, एवढाच त्यांचा आहार.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक सरकारदरबारी गाजला तोही उपासमारीतच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. बेळगाव जिल्ह्यात पूर्वेच्या तालुक्यांना त्याची झळ जास्त लागली. भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असे ठरवले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तर वैद्यकीय मुद्दाच मांडला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला नुसते धान्य, तेही इतके थोडे, देऊन चालणार नाही, डाळ आणि भाजीही हवी. आजच्या अन्नगटांच्या कागदाची बीजे या वादात दिसतात. पुढे १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके छापली, तेव्हा नाचण्याचे कॅल्शियम आकड्यात आले.

रताळ्याची कथा निराळी आहे. ते अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आले. मिरची, काजू, बटाटाही त्याच वाटेने, आणि गोवा इथून घाट उतरला की समोरच. पश्चिम बेळगावच्या तांबड्या उताराला रताळे असे मानवले की आज कर्नाटकात रताळ्याचे नाव निघाले की बेळगावचे नाव निघते. पावसाच्या सुरुवातीला सरी पाडतात. बायका वेलाचे चार-पाच डोळ्यांचे तुकडे करून, मधून वाकवून, दोन्ही टोके वर राहतील अशा बेताने सरीच्या अंगात खुपसत जातात. वाकलेली पाठ सरळ होते ती बांधावर पोहोचल्यावर. काढणी दसरा-दिवाळीपासून पुढे. पोती बेळगावच्या मार्केट यार्डात येतात, व्यापारी प्रतवारी करून ती मुंबईला, दिल्लीला, उत्तरेच्या इतर बाजारांत धाडतात. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र असे सगळ्या देशाचे उपवास हा बेळगुंदीचा हंगाम.

रताळ्याने घरात रोकड आणली, पोरांच्या शाळेची फी भरली, हे नाकारता येत नाही. पण त्याने माळही घेतला. नाचण्याचे काम आधीच जिवावरचे. रोप टाका, लावा, भांगला, कापा, बडवा, पाखडा, आणि एवढे करून बाजारात भाव नाही. रानडुकरे दोन्हींची नासाडी करतात, पण उरलेल्या रताळ्याचे पैसे होतात, नाचण्याचे होत नसत. पुढे काजूच्या बागा आल्या तशी उरलेली टेकडही गेली. बाईच्या पाठीवरचे जात्याचे ओझे गिरणीने उतरवले आणि नाचण्याचे ओझे रताळ्याने. तिने ते आनंदाने उतरवून ठेवले असेल तर तिला दोष कोण देणार?

पोषणाच्या हिशेबात मात्र एक खोच राहते. इथले रताळे वरून लालचुटूक, आतून पांढरे किंवा फिकट पिवळे. म्हणून ते धान्याच्या रकान्यात बसते. आतून नारिंगी असते तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या रकान्यात गेले असते. आफ्रिकेत नारिंगी रताळ्यावर इतके काम झाले की २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बुइस यांना मिळाला. पहिले तिघे याच रताळ्याचे शास्त्रज्ञ. भारतात तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ‘भू सोना’ ही नारिंगी जात दिली. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आहे. आणखी एक. रताळ्याचा कोवळा पाला जगात अनेक देशांत भाजी म्हणून खातात. इकडे काढणीनंतर वेल जातो तो म्हशीच्या दावणीला.

निपाणीकडे वळले की रोकड पिकाचा दुसरा, जास्त कडवा चेहरा दिसतो. रताळे विकले नाही गेले तर चुलीत भाजून खाता तरी येते. तंबाखूचे तसे नाही. काळ्या जमिनीतल्या या पिकातून शेतकऱ्याच्या घरात घासभरही अन्न येत नाही. सगळे भावावर, आणि भाव व्यापाऱ्याच्या हातात. १४ मार्च १९८१ ला शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत पुणे-बंगळूर महामार्गावर हजारो शेतकरी बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडले. गोळीबारात बारा शेतकरी मेले. त्याच गावातल्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांची लढाई दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ च्या ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या माहितीपटात टिपली. वखारीत दिवस घालवणाऱ्या आईला तान्ह्याला वेळेवर पाजता येत नाही, रानात जाऊन भाजी खुडता येत नाही. ताटातली विविधता बाईच्या वेळेतूनच येते, हे निपाणीइतके उघड कुठे दिसत नाही.

भाताचे सांगायचे तर ते थोडक्यात. उखळात सडलेल्या, कोंडा चिकटून राहिलेल्या तांदळाची जागा गिरणीच्या पांढऱ्या तांदळाने घेतली, गावठी जातींच्या जागी इंटाण, इंद्रायणी आल्या. २०१३ मध्ये कर्नाटकात ‘अन्नभाग्य’ योजना सुरू झाली आणि रेशनचा तांदूळ एक रुपया किलोने मिळू लागला. अखाडाची धास्ती मोठ्या प्रमाणात संपली ती अशा योजनांमुळे. भूक हटवण्याचे एवढे मोठे काम झाल्यावर ‘नुसता भातच का’ असे विचारायला तोंड लागते, पण विचारावे लागतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली आणि ६५.५ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान स्वीकारार्ह आहार, म्हणजे पुरेसे अन्नगट आणि तेही पुरेशा वेळा, मिळणारी मुले जेमतेम ११ टक्के.

दुधाचा प्रवास तर गमतीदार. या पट्ट्यातली म्हैस पाळली जाते ती बेळगावच्या भरवशावर. घराघरांचा रतीब आणि खव्याच्या, पर्यायाने कुंद्याच्या भट्ट्या. पहाटे कॅन सायकलला, आता मोटरसायकलला लटकून शहरात जातात. घरातल्या पोराला उरते ते ताक आणि चहातले चमचाभर. १ ऑगस्ट २०१३ ला ‘क्षीरभाग्य’ सुरू झाले. शाळेत प्रत्येक मुलाला १८ ग्रॅम भुकटीचे १५० मिलिलिटर दूध. म्हणजे सकाळी गावातून जे दूध शहराला गेले, त्याची भरपाई दहा वाजता पावडरीने होऊ लागली.

शाळेच्या ताटाला इथे सीमेचाही पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडले गेले आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापूरला गेला. बेळगुंदी इकडे राहिली, राकसकोपच्या जलाशयापलीकडचे तुडये तिकडे. बोली एक, सोयरीक एक, माती एक. पण पोरे कोणत्या सरकारचे जेवतात यावर ताट ठरू लागले. साठ-सत्तरच्या दशकांत केअर संस्थेच्या मदतीतले परदेशी धान्याचे उप्पीट कर्नाटकातल्या एका पिढीने शाळेत खाल्ले. १९९५ च्या केंद्रीय योजनेत दोन्हीकडे शिजवलेले अन्न नव्हतेच, महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत चुली पेटल्या. तिकडे महाराष्ट्रात खिचडी, इकडे कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ योजनेचे भात-सांबार. अन्नाबरोबर जातीच्या पंक्तीही शाळेत मोडू लागल्या, हा त्या चुलीचा दुसरा गुण.

किशोरवयीन मुली मात्र या साऱ्या योजनांत उशिरा दिसू लागल्या. महाराष्ट्रात आठवी, कर्नाटकात दहावी संपली की दुपारचे शिजवलेले जेवण संपते, आणि नेमक्या त्याच वयात शरीराची लोहाची गरज वाढलेली असते. आठवड्याला एक निळी लोहगोळी हा त्यावरचा सरकारी तोडगा गेल्या दशकाच्या सुरुवातीला आला. गोळी घेऊन पाठोपाठ चहा पिणाऱ्या मुलींना ‘चहाने लोह अंगी लागत नाही’ हे सांगता सांगता शिक्षिका थकतात. बेळगावला या प्रश्नाची शास्त्रीय बाजूही लाभली आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक ‘विमेन फर्स्ट’ या चार देशांतल्या प्रयोगात होते. कांगो, ग्वातेमाला, पाकिस्तान आणि भारत, भारतातले ठिकाण बेळगाव. गर्भ राहण्याच्या आधी किमान तीन महिने, किंवा निदान पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून, बायकांना रोज पूरक पोषण दिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पूरक आहार घेतलेल्या आयांची बाळे जन्मतः सरासरीने अधिक लांब भरली. शेवटी जेवणाऱ्या सुनेचा हिशेब असा सेंटिमीटरच्या पट्टीवर आला.

नाचणाही परतला आहे, पण माळावरून नव्हे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष झाले आणि २०२४ पासून कर्नाटकच्या शाळांत आठवड्यातले तीन दिवस दुधात रागी माल्ट कालवून देऊ लागले. बेळगुंदीच्या मुलाच्या पेल्यात आता नाचणा येतो तो पाकिटबंद भुकटीतून. आजीच्या आंबिलीला नाक मुरडणारे पोर हे गोड माल्ट पिते. चवीच्या बाबतीत पोरांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात जास्त वाद मात्र अंड्यावर झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे राज्याच्या ईशान्य भागातल्या, काही जिल्ह्यांत शाळेत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधीशांनी कडाडून विरोध केला. सरकारने केळे किंवा चिक्कीचा पर्याय ठेवला आणि अंडे टिकवले. पुढे ते राज्यभर गेले. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा राज्याचा निधी थांबवला. द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळवले गेले. तुडयेच्या शाळेतले अंडे त्या निर्णयाने गावकऱ्यांच्या वर्गणीवर आले. बेळगुंदीच्या शाळेत आठवड्याला सहा आहेत. त्यांतल्या दोनांचा खर्च राज्य सरकार करते. उरलेल्या चारांसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनशी २०२४ मध्ये झालेला करार तीन वर्षांचा आहे.